नोकरी करणाऱ्या वयात रोझेशिया किती जणांना होतो?

प्रश्न असा आहे: "माझं वय ३८. मी मूळची पुण्याची, गेली तीन वर्षं म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोन हिवाळ्यांपासून गाल आणि नाक तापतं, आग होते, बारीक पुळ्या येतात. इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशिया सांगितला. आमच्या चौदा जणांच्या टीममध्ये आणखी एकीला तोच आहे. पुण्यात मी हे नावही ऐकलं नव्हतं. कामाच्या वयातल्या माणसांत हा आजार खरंच इतका असतो का? की गोऱ्या लोकांचा आजार मला इथे येऊन लागला? आईने एक ट्यूब पाठवली होती. ती लावली की चार दिवस चेहरा छान होतो, मग पुन्हा तेच. चहा-कॉफी बंद करू का?"

सगळ्यात आधी ती ट्यूब. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत औषधांची नावं असतात. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे, आणि रोझेशियाच्या चेहऱ्याचं स्टिरॉइडइतकं नुकसान दुसरं कशाने होत नाही. ती बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून. किती महिने लावलीत, दिवसातून किती वेळा, हे आज आठवेल तसं लिहून ठेवा. त्यामागचं कारण पुढे सांगते, कारण त्याचा तुमच्या मूळ प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे.

आता आकडे. मी कोल्हापुरात २२ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. रोझेशियाच्या आकड्यांइतके एकमेकांपासून लांब असलेले आकडे मी दुसऱ्या फार थोड्या आजारांत पाहिलेत, म्हणून एकच टक्केवारी तुमच्या हातात ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

नोकरदारांमधला रोझेशिया म्हटलं की पहिलं नाव निघतं ते स्वीडनमधल्या बर्ग आणि लिडेन यांच्या १९८९ सालच्या अभ्यासाचं. त्यांनी ८०९ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे चेहरे तपासले. १० टक्के लोकांना रोझेशिया निघाला, बायकांमध्ये १४ टक्के आणि पुरुषांमध्ये ५ टक्के. ऑफिसात कॉम्प्युटर नुकते शिरत होते तो हा काळ. पडद्यासमोर बसल्याने चेहरा लाल होतो, खाजतो, अशा तक्रारी तिथे खूप होत होत्या आणि बर्ग त्याच प्रश्नावर काम करत होते. म्हणजे रोझेशियाचा सर्वांत गाजलेला आकडा मुळात तुमच्यासारख्याच, दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसांचा आहे.

त्यानंतर २०१० साली एस्टोनियातल्या कामकरी लोकांचा अभ्यास आला. ३४८ माणसं तपासली आणि २२ टक्क्यांमध्ये रोझेशियाचं किमान एक मुख्य लक्षण सापडलं. पाचांतला एक! त्याउलट जर्मनीत वेगवेगळ्या कंपन्यांतल्या ४८,६६५ कर्मचाऱ्यांची त्वचारोगतज्ज्ञांनी तपासणी केली, तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यात रोझेशिया निघाला फक्त २.२ टक्क्यांना. आणि २०१६ साली, पुन्हा जर्मनीतच, १८ ते ६५ वयाच्या लोकांत तो १२.३ टक्के भरला. त्याच अभ्यासात रशियाचा आकडा ५ टक्के होता.

देश तोच, वयोगट जवळपास तोच, तरी एकदा २.२ आणि एकदा १२.३. आठ वर्षांत जर्मन लोकांचे चेहरे पाचपट लाल झाले, असं नक्कीच नाही. मोजायची रीत बदलली. कंपनीतल्या तपासणीत डॉक्टर सगळं अंग पाहतात. तीळ, चामखीळ, सोरायसिस, कर्करोगाचा संशय येईल असा डाग, सगळ्यांची नोंद करायची असते आणि रांगेत पुढचा माणूस उभा असतो. अशा वेळी गालावर ठळक पुळ्या आणि पक्का लालपणा असेल तरच 'रोझेशिया' असं लिहिलं जातं, असं माझं मत आहे. २०१६ च्या अभ्यासात मात्र लोकांना आधी नेमके प्रश्न विचारले होते: चेहरा लाल होतो का, तापतो का, शिरा दिसतात का. होकार देणाऱ्यांना मग तज्ज्ञांनी पाहिलं. शोधायला निघालं की सापडतं.

आजाराचा स्वभावही मोजणाऱ्याला चकवणारा आहे. सकाळी नऊला चेहरा शांत, दुपारी जेवणानंतर लाल, संध्याकाळी मीटिंग संपेपर्यंत भगभगलेला. तपासणी सकाळी झाली, तर नोंद होत नाही. बाईने फाउंडेशन लावलेलं असेल, तरी होत नाही. शिवाय रोझेशिया कशाला म्हणायचं, हेच मुळात बदलत आलंय. २००२ साली अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञांनी त्याचे चार उपप्रकार ठरवले. २०१७ मध्ये ती वाटणी मागे पडली. आता चेहऱ्याच्या मधल्या भागावर टिकून राहणारा आणि मधूनमधून भडकणारा लालपणा, किंवा नाकाची कातडी जाड होणं, यांतलं एक असलं तरी निदान करता येतं. बाकीची लक्षणं माणसागणिक जोडून पाहायची असतात. व्याख्या रुंद केली की टक्का वाढतो, अरुंद केली की घटतो.

जगभरचे ३२ अभ्यास, म्हणजे २ कोटी ६५ लाखांवर माणसं, एकत्र करून २०१८ साली एक हिशेब मांडला गेला. त्यात सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ५.४६ टक्के रोझेशिया निघाला. स्त्रियांत ५.४१ आणि पुरुषांत ३.९०. (स्त्री-पुरुषांचे वेगळे आकडे ज्यांनी दिले तेवढ्याच अभ्यासांतून ही विभागणी येते, म्हणून बेरीज जुळत नाही.) सर्वाधिक रुग्ण ४५ ते ६० वयातले. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींत सुमारे ८० टक्के निदानं तिशीनंतरची आहेत. अमेरिकेत हजारो नर्सेसच्या तब्येतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या ८२,७३७ जणींपैकी ४,९४५ जणींना त्या काळात रोझेशिया झाल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे शंभरात सुमारे सहा. त्याही सगळ्या नोकरी केलेल्या बायका.

हे सगळं समोर ठेवून मला विचाराल, तर युरोपातल्या कामाच्या वयाच्या माणसांत दहा ते वीस जणांमागे एकाला रोझेशिया असतो, असं धरून चालावं. तुमच्या चौदा जणांत दोघी, यात काहीच नवल नाही. हा आजारच मुळी कमावत्या वयाचा आहे. मुरूम कॉलेजात येतात, हा बढतीच्या वयात येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पुण्यात हे नाव का ऐकलं नाही?

गोऱ्या कातडीत आजार जास्त असतो, हे खरं आहे. पण आपल्याकडे तो नाही, हे खरं नाही. आपल्या कातडीतला रंग लालपणा झाकून टाकतो. सावळ्या गालावर लाली लालीसारखी दिसत नाही. ती तपकिरी दिसते, काळपट दिसते, कधी नुसता चेहरा 'उतरलेला' दिसतो. घरचे म्हणतात, रापलीस. पेशंट माझ्याकडे येऊन "चेहरा लाल होतो" असं सांगत नाही. ती सांगते, "मॅडम, चेहऱ्याची आग आग होते," "कानशिलं तापतात," "साबण लावला की झोंबतं," "उष्णता फार झालीय." सब्जा, गुलकंद, धन्याचं पाणी असं सगळं करून झालेलं असतं. त्यांचं वर्णन अगदी नेमकं असतं, कान देऊन ऐकायला मात्र हवं. पुळ्या पाहून मुरूम म्हटलं जातं, काळपटपणा पाहून वांग म्हटलं जातं आणि उपचार त्या दिशेला निघून जातो.

मुरूम आणि रोझेशिया ओळखण्याची एक साधी खूण आहे. मुरमांत काळी-पांढरी टोकं असतात, बंद झालेली छिद्रं असतात. रोझेशियात ती नसतात. पुळ्या असतात, पण तापलेल्या, झोंबणाऱ्या कातडीवर, आणि बहुतेक चेहऱ्याच्या मध्यावर: गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला पट्टा. मी सावळ्या चेहऱ्यावर काचेची पट्टी हलकेच दाबते. खाली रक्तवाहिन्यांची लाली असेल, तर दाबल्यावर ती पळते आणि काच उचलली की परत येते. निळ्या गडद पडद्यासमोर फोटो काढला, तरी नुसत्या डोळ्यांना न दिसलेली लाली त्यात दिसते. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावला की जाळीसारख्या बारीक शिरा स्पष्ट होतात. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती पाच मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न आहेच.

एक पेशंट माझ्या कायमचा लक्षात राहिलाय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करणारा, वय पन्नाशीच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ. नाक जाड झालेलं, छिद्रं मोठी, रंग जांभळट. तो दवाखान्यात आला तो नाकासाठी नाही, पायाच्या गजकर्णासाठी. मी नाकाबद्दल विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "त्याचं काही नको. मी पीत नाही, एवढंच सांगतो." आयुष्यभर माळकरी असलेला माणूस, आणि मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत कुणीतरी कुजबुजलं होतं की बापाला दारूचं व्यसन दिसतंय. दारूने चेहरा भडकतो हे खरं, पण दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही हे जाड नाक येतं. तो रोझेशियाचाच एक प्रकार आहे, आणि पुरुषांत तो जास्त दिसतो. त्यांना मी एका कागदावर आजाराचं नाव मराठीत लिहून दिलं, खाली सही-शिक्का मारला. औषधापेक्षा त्यांना त्या कागदाची गरज जास्त होती.

आता त्या माणसाची नोंद कोणत्या अभ्यासात झाली असती? कुठल्याच नाही. तो रोझेशियासाठी कधी दवाखान्यात आलाच नव्हता. वर ज्या जागतिक हिशेबाबद्दल सांगितलं, त्यातच सर्वसाधारण लोकसंख्येत ५.४६ टक्के आणि त्वचारोगांच्या ओपीडीत येणाऱ्यांत २.३९ टक्के असे दोन आकडे आहेत. त्वचेच्या डॉक्टरकडे येणाऱ्यांत प्रमाण कमी आणि बाहेर जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं. पण ज्याला चेहऱ्याची आग हा आजारच वाटत नाही, तो केस पेपर काढायला रांगेत उभा राहत नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदींतही रोझेशियाच्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय सुमारे २ टक्के आणि आशियाई सुमारे २.३ टक्केच आढळले. त्या देशात ते लोकसंख्येने यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. निदान न होणं हा त्या तफावतीचा मोठा भाग आहे, असं सावळ्या कातडीवर काम करणारे तज्ज्ञ आता उघड म्हणतात, आणि माझा अनुभवही तोच आहे.

आणि जे ओळखलं जात नाही, त्यावर ट्यूब लावली जाते.

स्टिरॉइड मलम लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते, आग थांबते. दोन दिवसांत चेहरा नितळ. शेजारीण विचारते काय लावलंस. मग औषधाचा असर उतरतो, रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त रुंदावतात, आग दुपटीने येते, म्हणून पुन्हा ट्यूब. महिने जातात. कातडी पातळ होते, तांबूस शिरा कायमच्या उमटतात, गालावर लव वाढते, पुळ्यांची नवी पेरणी होते. ज्याला आधी रोझेशिया नव्हता त्यालाही अगदी तसाच दिसणारा चेहरा मिळतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला स्वतंत्र नाव दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०११ साली छापलेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवर मिळून केलेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण पाहिले गेले. त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणारी दुरुस्ती केली. तरी आजही माझ्याकडे येणाऱ्या किती जणी म्हणतात, "मेडिकलवाल्याने दिली." वांगासाठी म्हणून मिळणाऱ्या, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन एकत्र असलेल्या ट्यूबा तर घराघरात आहेत. तिन्ही औषधं रोझेशियाच्या कातडीला चिडवणारी.

म्हणून तुमच्या बाबतीत 'चार दिवस छान, मग पुन्हा तेच' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमच्या त्रासातला किती रोझेशियाचा आणि किती ट्यूबचा, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. ट्यूब थांबवल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट होईल. सुजेल, भगभगेल, पुळ्या येतील. काहींना दोन-तीन महिनेही लागतात. तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचा. ते ठरावीक काळासाठी टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम किंवा पोटात डॉक्सिसायक्लिन देऊ शकतील. महत्त्वाचं प्रेझेंटेशन आहे म्हणून मधेच एकदा लावू, हा मोह मात्र टाळा, कारण बहुतेक पेशंट नेमके तिथे घसरतात.

'इथे येऊन लागला का' याचं उत्तर: लागला नाही. हा संसर्ग नव्हे. टीममधल्या सहकारिणीकडून आला नाही आणि तुमच्याकडून कुणाला जाणार नाही. जुळ्या भावंडांवर केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात या आजाराचा साधारण ४६ टक्के वाटा आनुवंशिक आणि उरलेला परिस्थितीचा निघाला. म्हणजे बीज तुमच्यासोबत पुण्याहूनच आलं असणार, म्युनिकने त्याला पाणी घातलं. तिथला हिवाळा म्हणजे बाहेर बोचरी थंडी आणि वारा, आत हायझुंगची, म्हणजे खोल्या तापवणाऱ्या हीटरची, कोरडी ऊब, आणि दिवसातून दहा वेळा एकातून दुसऱ्यात ये-जा. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांची नुसती ओढाताण होते. नॅशनल रोझेशिया सोसायटीने १,०६६ रुग्णांना आजार कशाने भडकतो ते विचारलं होतं. उन्हाने म्हणणारे ८१ टक्के, मनावरच्या ताणाने ७९, उष्ण हवेने ७५, वाऱ्याने ५७, जोराच्या व्यायामाने ५६, दारूने ५२, गरम पाण्याच्या आंघोळीने ५१, थंडीने ४६ आणि तिखटाने ४५ टक्के. यादी लांब आहे म्हणून सगळंच सोडायचं असं नाही. प्रत्येकाची दोन-तीन कारणं वेगळी असतात, ती आपली आपण शोधावी लागतात. ताण मात्र जवळपास सगळ्यांच्या यादीत असतो, आणि नोकरीच्या वयात हा आजार का सलतो ते त्यातून कळतं. डेडलाइन, रात्री उशिरापर्यंतचं काम, वरिष्ठांसमोर बोलणं, या प्रत्येकाने चेहरा तापतो. तो तापला हे समोरच्याला दिसतंय, या जाणिवेने आणखी तापतो.

उन्हात काम करणाऱ्यांना जास्त होत असेल, असं सगळ्यांना वाटतं. आयर्लंडमध्ये ५०० उन्हातान्हात काम करणारे आणि ५०० छपराखाली काम करणारे, अशा हजार जणांची तुलना केली. पुळ्यांचा रोझेशिया २.७ टक्के निघाला आणि दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. मला हा निष्कर्ष पटतो. ऊन भडकवतं हे नक्की, पण सावलीत बसणाराही सुटत नाही. इकडे मला जास्त दिसतो तो जाळाचा त्रास. फौंड्रीची भट्टी, बेकरी, खानावळीत तासन्‌तास चुलीसमोर भाकऱ्या थापणाऱ्या मावश्या. त्यांच्या दोन्ही गालांवर जाळ सारखा लागत असतो. त्यांना मी "जाळ टाळा" असं सांगू शकत नाही, पोट त्यावर आहे. मधूनमधून पाच मिनिटं बाजूला व्हा, गार पाण्यात पिळलेलं फडकं चेहऱ्यावर ठेवा, पंखा जाळाकडून नको तर पाठीकडून येऊ द्या, एवढंच सांगते. त्यानेही फरक पडतो.

चहा-कॉफीचं ऐकून बहुतेकांना बरं वाटतं. १९८१ मध्ये विल्किन नावाच्या डॉक्टरांनी रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी, नुसतं कॅफीन आणि नुसतं गरम पाणी देऊन पाहिलं. चेहरा भडकला तो उष्णतेने. साध्या गरम पाण्यानेही भडकला, कॅफीनने नाही. पुढे त्याच नर्सेसच्या अभ्यासात, २०१८ साली, असं दिसलं की दिवसाला चार किंवा जास्त कप कॅफीनवाली कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया होण्याचं प्रमाण अगदी क्वचित पिणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ टक्के कमी होतं. म्हणून मुद्दाम कॉफी वाढवा, असं मी कुणाला सांगत नाही, ॲसिडिटीवाल्यांना तर नाहीच. पण बंद करायचं कारण नाही. चहा निवू द्या. आपल्या आज्या बशीत ओतून चहा प्यायच्या, रोझेशियाच्या माणसाला तीच रीत योग्य. तांबड्या रश्श्याचं मात्र वेगळं आहे. मिरचीतला तिखट घटक कातडीतल्या मज्जातंतूंच्या त्याच दारावर थाप मारतो जे दार उष्णता ओळखतं. त्यामुळे मेंदूला आणि रक्तवाहिन्यांना ते तापल्यासारखंच भासतं. कोल्हापुरात बसून मी हे सांगते तेव्हा समोरच्याचा चेहरा पडतो, पण वाटीभर चालतो की नाही, ते त्यानेच पाहायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पडद्यासमोर काम करता म्हणून विचारते: डोळे कसे आहेत? रोझेशियाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना डोळ्यांचाही त्रास होतो. वाळू गेल्यासारखं खुपणं, कोरडेपणा, पापण्यांच्या कडा लाल, सारखी रांजणवाडी. काहींना तर चेहऱ्याच्या आधी डोळ्यांतच सुरू होतं. आयटीतली माणसं हे सगळं स्क्रीनवर ढकलून थेंब घालत राहतात. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल किंवा दिसायला अंधूक झालं असेल, तर नेत्रतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा आणि रोझेशिया आहे हे त्यांना सांगा, कारण बुबुळाला इजा होऊ शकते.

कामावर याचा परिणाम किती होतो, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण खोलीतून जाताना दारात थांबून सांगतात. त्याच अमेरिकन सोसायटीच्या पाहणीत तीव्र रोझेशिया असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी सांगितलं की कामाच्या ठिकाणच्या वागण्या-बोलण्यावर परिणाम झाला, आणि ५१ टक्क्यांनी त्यापायी रजा घेतली होती. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका पालकसभेच्या दिवशी हटकून आजारी पडायच्या. एका बँकेतल्या बाईंनी काउंटरवरची बदली मागून मागची खोली घेतली होती. दोघींना वाटत होतं, एवढ्या मोठ्या गावात असा चेहरा आपलाच. आकडे पेशंटला सांगायचे ते यासाठी. तुमच्यासारखे शेकडो जण याच शहरात, याच ऑफिसांत आहेत, हे कळलं की माणूस आरशासमोर जरा सैल उभा राहतो.

उपचारांचं थोडक्यात. मुळासकट बरं करणारं औषध नाही, पण ताब्यात ठेवणारी चांगली औषधं आहेत. पुळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन १ टक्का, मेट्रोनिडाझोल किंवा अझेलिक ॲसिडचं मलम. जास्त असेल तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन, मात्र गरोदरपणात किंवा तसा विचार असताना ते चालत नाही, तसं असेल तर आधीच सांगा. टिकून राहिलेल्या शिरांवर मलमांचा उपयोग होत नाही, तिथे लेसर. सावळ्या कातडीवर लेसर करताना मात्र आपल्या रंगाच्या कातडीचा अनुभव असलेला हात हवा, नाहीतर काळे डाग राहतात. तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. रोजचं म्हणाल तर बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. स्क्रब, लिंबू, मुलतानी माती, ब्लीच, पार्लरमधली वाफ, सगळं बंद. सर्दीला वाफारा घ्यायची सवय असेल तर तोही चेहऱ्यावर थेट नको.

आणि लाली नाकाच्या बाजूच्या घड्या सोडून नुसती गालांवर फुलपाखरासारखी असेल, सोबत सांधे दुखत असतील, ताप, तोंडात फोड, केस गळणं असं काही असेल, तर ल्युपससाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारासाठी, रक्त तपासून घ्या. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, पण तुमच्या वयाच्या बाईला मी हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

पुढच्या भेटीला जाताना सकाळी उठल्यावरचा आणि संध्याकाळी कामानंतरचा, खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय काढलेला असे सात दिवसांचे फोटो घेऊन जा. ती ट्यूबही सोबत असू द्या. आणि आज आईंना फोन कराल तेव्हा विचारा, ती घरात आणखी कोणकोण लावतं.